विश्लेषण : दात येणारे पिल्लू घर का कुरतडते? चंद्रपूर-गडचिरोलीत ‘बाहेर बांधा’ हे उत्तर धोक्याचे का?

चपलेचा पट्टा, मोबाइलचा चार्जर, सोफ्याचा कोपरा, बांबूचे सूप, मुलांचे दप्तर. कुत्र्याचे पिल्लू चार महिन्यांचे झाले, की घरातील नुकसानीची यादी रोज वाढत जाते. आधी कौतुक होते, मग रागावणे, मग चापट आणि शेवटी ‘रात्री अंगणात बांधा’ असा निर्णय होतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर पिल्लू दूर नेऊन सोडले जाते. मोठ्या शहरात अशा निर्णयाने पिल्लाचे हाल होतात. ताडोबाच्या भोवतालची गावे, चंद्रपूरच्या वीज केंद्राची आणि वेकोलिची वसाहत किंवा गडचिरोलीतील जंगलालगतचे टोले येथे तोच निर्णय घरातील माणसांनाही महागात पडू शकतो. मुळात जो त्रास तीन-चार महिन्यांत ओसरणारा आहे, त्यासाठी एवढा धोका का पत्करायचा, हा खरा प्रश्न आहे.

पिल्लू वस्तू कुरतडते ते कशामुळे?

पिल्लाला जन्मतः दात नसतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान २८ दुधाचे दात येतात. सुईसारख्या टोकदार असलेल्या या दातांच्या जागी साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून कायमचे दात येऊ लागतात. आधी समोरचे पटाशीचे दात पडतात, नंतर सुळे आणि दाढा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. नवा दात वर येताना दुधाच्या दाताचे मूळ विरघळते, हिरडी सुजते, हुळहुळते. काहीतरी दाताखाली धरून दाबले, की पिल्लाला बरे वाटते. त्याला चप्पल आणि लाकूड यांच्या किमतीतला फरक कळत नाही. त्यातही चपलेला घरातल्या माणसाचा वास असतो आणि चामडे दाताखाली छान दबते, म्हणून पहिली आहुती बहुधा तिचीच पडते.

दुखणे हे एक कारण झाले. दुसरे कारण कुतूहल. माणसाचे मूल वस्तू हातात घेऊन पाहते, पिल्लू तोंडात घेऊन पाहते. तिसरे कारण कंटाळा किंवा एकटेपणा. चौथे, जे बऱ्याचदा विसरले जाते, ते म्हणजे थकवा. या वयातील पिल्लू दिवसाचे १६ ते १८ तास झोपते. मुलांनी दिवसभर खेळवलेले आणि झोप न मिळालेले पिल्लू संध्याकाळी चेकाळल्यासारखे चावत सुटते. त्याला त्या वेळी खेळ नको, झोप हवी असते.

हा काळ किती दिवसांचा?

कायमचे दात येण्याची प्रक्रिया बहुतेक पिल्लांत सहा-सात महिन्यांपर्यंत पूर्ण होते. त्यातला सर्वाधिक तापदायक काळ चौथ्या ते सहाव्या महिन्यातला. लॅब्राडोरसारख्या जातींत आणि चपळ गावठी कुत्र्यांतही चघळण्याची ओढ वर्ष-दीड वर्षापर्यंत कमी-अधिक टिकते, पण हिरड्यांच्या दुखण्यातून येणारी ती आतताई कुरतड थांबलेली असते. या काळात पिल्लाला काय चघळायचे हे शिकवले गेले असेल, तर पुढची ओढ खेळण्यांवर भागते. शिकवले गेले नसेल, तर दात मजबूत होतात आणि सवय तीच राहते.

विदर्भाच्या जंगलपट्ट्यात या काळाला ऋतूचीही जोड आहे. गावठी कुत्र्यांची बरीच पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. डिसेंबरच्या पिल्लाचे दात एप्रिलच्या सुमारास पडू लागतात. नेमका तोच मोहफुले वेचण्याचा आणि पाठोपाठ तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम. घरातील मोठी माणसे पहाटेच जंगलात गेलेली, दुपारी सत्तर पानांचे पुडे बांधण्याचे काम, संध्याकाळी फळीवर मोजणी. पिल्लू दिवसाचा मोठा भाग एकटे किंवा लहान मुलांच्या हवाली. वर पारा ४५ अंशांच्या पुढे. म्हणजे पिल्लाला लक्ष सर्वाधिक हवे असते, तेव्हाच ते देणारे कोणी घरी नसते.

ओरडून, मारून सवय सुटते का?

सुटत नाही. पिल्लू शिक्षेचा संबंध त्या क्षणाशी जोडते. सकाळी फाडलेली उशी संध्याकाळी तोंडासमोर धरून मारले, तर संध्याकाळी घरी येणारा माणूस मारतो एवढेच त्याला कळते. मग ते कुरतडणे थांबवत नाही, लपून कुरतडते. खाटेखाली, कपाटामागे जाऊन गिळू नये ते गिळते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ओरडणे, पट्ट्याला हिसके देणे अशा पद्धतींनी शिकवलेल्या कुत्र्यांत प्रशिक्षणाच्या वेळी तणावाची लक्षणे अधिक दिसली आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. बक्षीस देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत तसे नव्हते. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे भेदरलेला कुत्रा वाढवणे हे नुकसान फाटक्या उशीपेक्षा मोठे आहे.

पिल्लू फार लहान असताना आईपासून तोडणे हेही चावण्यामागचे एक कारण असते. भावंडांशी खेळताना जोरात चावले, की समोरचे केकाटते आणि खेळ बंद होतो. किती जोराने चावायचे हे पिल्लू तिथे शिकते. महिनाभराचे पिल्लू आणले, की हा धडा राहून जातो. २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. शेजाऱ्याकडून फुकट आणलेल्या गावठी पिल्लालाही तोच हिशेब लावायला हवा.

रात्री अंगणात बांधले तर काय बिघडते?

या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीत बिबट्या देतो. कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्या शेतीबहुल भागातील बिबट्यांच्या आहाराच्या वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के, तर एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. अकोल्यात जंगली भक्ष्य फारसे नाही, ताडोबात चितळ-सांबर मुबलक आहे, हा फरक लक्षात घ्यायला हवा. पण गावाच्या कडेने वावरणाऱ्या बिबट्यासाठी खुंट्याला बांधलेले, पळू न शकणारे, रात्रभर कुईकुई करणारे पिल्लू म्हणजे आमंत्रणच.

यातला धोका पिल्लापुरता थांबत नाही. उन्हाळ्यात अनेक घरांतील माणसे अंगणात खाट टाकून झोपतात. पिल्लू त्याच अंगणात बांधलेले असते. एकदा तिथे भक्ष्य मिळाले, की बिबट्या त्या जागी पुन्हा येऊ शकतो. बिबट्या वस्तीत किती आतपर्यंत येतो, हे चंद्रपूरने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि पाठोपाठ लगतच्या दुर्गापूर भागात बिबट्याच्या हल्ल्यात १६ वर्षांच्या मुलाचा बळी गेला. या घटना कुत्र्यामुळे घडल्या असे म्हणता येणार नाही. मात्र वस्तीच्या कडेला झुडपे, उघडा कचरा आणि मोकळी किंवा बांधलेली कुत्री असतील तर बिबट्याला तिथे येण्याचे कारण मिळते, हे वन विभाग सातत्याने सांगत आला आहे. म्हणूनच या भागात रात्री पिल्लू घराच्या आत किंवा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या भक्कम जागेतच हवे. नुसते कुंपण पुरत नाही, बिबट्या ते सहज ओलांडतो.

दूर नेऊन सोडून दिले तर?

‘जंगलात सोडले, जगेल तिकडे’ हा समज सर्वांत घातक आहे. माणसाच्या हातून खाल्लेले पाच महिन्यांचे पिल्लू शिकार करून जगू शकत नाही. ते उपाशी मरते, भक्ष्य होते किंवा रानडुकरांसाठी शेतात बेकायदा सोडलेल्या विजेच्या तारेला लागते. जगलेच, तर गावकुसावरच्या टोळीत सामील होते आणि चितळाच्या पाडसांमागे, शेळ्यांमागे धावू लागते.

रोगाचा प्रश्न त्याहून गंभीर. लस न दिलेल्या कुत्र्यांतून कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसाहारी प्राण्यांत जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा मृत सिंहांच्या तपासणीत हा विषाणू आढळला होता. वाघ, बिबटे आणि रानकुत्री यांचा अधिवास असलेल्या ताडोबाच्या परिसरात लस न दिलेले एक पिल्लू सोडणे ही खासगी बाब राहत नाही. योगायोग असा, की हाच विषाणू दातांवरही खूण ठेवतो. कायमचे दात हिरडीत तयार होत असताना पिल्लाला डिस्टेंपर झाला आणि ते वाचले, तर दातांवरचे कवच जागोजागी खडबडीत, तपकिरी राहते.

कायदाही स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे आणि अतिशय आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीच्या या रकमेचा आज कोणालाही धाक नाही, तेव्हा निर्णय घरमालकाच्या विवेकावरच येऊन ठेपतो.

मग घरात करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे वस्तू उचलून ठेवणे. चपला मांडणीवर वरच्या कप्प्यात, तारा पाइपमध्ये किंवा कपाटामागे, सूप-टोपल्या खुंटीला. ज्या खोलीत पिल्लू एकटे राहणार, ती खोली त्याच्या उंचीवर बसून एकदा पाहावी. जे दाताच्या टप्प्यात आहे ते त्याचेच, असे धरून चालावे.

दुसरी, कुरतडायला हक्काच्या वस्तू देणे. चांगल्या रबराची पोकळ खेळणी आता चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोलीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. त्यांत थोडा भात, दही किंवा उकडलेली भाजी भरून गोठवली, की पिल्लू अर्धा तास त्यात रमते. पैसे न घालताही भागते. जुन्या सुती कापडाची घट्ट वेणी घालून ती ओली करून फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल, तर माठाच्या पाण्यात भिजवावी. थंडाव्याने हिरडीची ठणक कमी होते. कापडाचे धागे सुटू लागले, की ती वेणी टाकून द्यावी. गार काकडी किंवा गाजराचा मोठा तुकडा समोर बसून चघळू द्यावा. जुनी चप्पल मात्र ‘ही तुझी’ म्हणून देऊ नये, कारण जुनी आणि नवी यांतला भेद पिल्लाला कळत नाही.

तिसरी, अदलाबदल. तोंडातली वस्तू ओढून काढली, की पिल्लाला तो खेळ वाटतो किंवा ते वस्तू गिळून टाकते. त्याऐवजी त्याला आवडणारा खाऊ नाकासमोर धरावा, वस्तू सुटताच खाऊ द्यावा आणि लगेच त्याचे खेळणे पुढे करावे. ‘सोड’ हा एकच शब्द घरातील सर्वांनी वापरावा. हाताला चावले, तर हात स्थिर ठेवून खेळ तत्काळ थांबवावा आणि थोडा वेळ तिथून उठून जावे. हे दिवसातून वीस वेळा करावे लागेल. दोन-तीन आठवडे न कंटाळता केले, तर फरक दिसू लागतो. फर्निचरला लावायचे कडू स्प्रे मिळतात, त्यांचाही थोडा उपयोग होतो. मिरपूड किंवा तिखट मात्र कधीही लावू नये. त्याने डोळे आणि हिरड्या पोळतात.

चौथी, दिनक्रम. चार महिन्यांच्या पिल्लाला सलग तीन-चार तासांपेक्षा अधिक एकटे ठेवू नये. तेंदूच्या हंगामात घरातील सर्वच बाहेर जाणार असतील, तर शेजारच्या वृद्धांकडे किंवा पाळीपाळीने घरी राहणाऱ्याकडे पिल्लू सोपवण्याची व्यवस्था आधीच लावावी. जंगलात सोबत नेऊ नये. फिरायला न्यायचे, ते पहाटेच्या अंधारात नव्हे, तर उजाडल्यावर आणि ऊन चढण्याआधी, पट्टा लावूनच.

कोणत्या वस्तू जिवावर बेततात?

चालू विजेची तार हा पहिला धोका. त्यानंतर शेतीघरातील साठा. भात आणि कापसावरची कीटकनाशके, उंदराचे औषध, डासांच्या कॉइल हे बंद पेटीत, उंचावर हवे. अंगणातील कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. आंबलेल्या मोहफुलांत मद्यार्क असतो, तो पिल्लाला थोडाही चालत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका हेही वर्ज्य. बांबूची कामटी दातांनी सहज चिरते आणि तिची कूस टाळूत किंवा घशात रुतते. बुरडकामाच्या घरांत याकडे विशेष लक्ष हवे. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात, ती आतड्याला इजा करतात.

हरणाच्या शिंगाबाबत वेगळा इशारा. परदेशांत कुत्र्यांना चघळायला शिंगाचे तुकडे विकले जातात आणि त्याचे व्हिडीओ येथेही पाहिले जातात. चितळ-सांबराचे गळून पडलेले शिंग जंगलातून आणून घरी बाळगणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा ठरतो. शिवाय शिंग इतके कठीण असते, की त्याने नवा दात तडकू शकतो. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ज्यावर खूण उमटत नाही, अशी वस्तू पिल्लाच्या दातांसाठी फार कठीण समजावी.

खेळताना दात लागला तर?

‘पिल्लूच आहे, खेळताना लागले’ असे म्हणून सोडून देणे ही या काळातील सर्वांत महागडी चूक ठरू शकते. रेबीज पिल्लांनाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचण्याची शक्यता जवळपास नसते. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. म्हणजे कुरतडण्याचा काळ सुरू होतो तेव्हा अनेक पिल्लांना ती मिळालेलीच नसते. दात लागून ओरखडा उठला किंवा रक्त आले, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट असे काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठावे. लस तेथे मोफत मिळते. रक्त आले असेल, तर लशीसोबत प्रतिपिंडाचे इंजेक्शनही लागू शकते, ते डॉक्टर ठरवतात. मुले मार बसेल या भीतीने चावल्याचे लपवतात. पिल्लाला मारणाऱ्या घरात ती अधिक लपवतात.

पशुवैद्यकाकडे कधी जावे?

पडलेला दुधाचा दात सापडणे, खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग दिसणे, एखादा दिवस खाणे मंदावणे यात काळजीचे कारण नाही. पडलेले दात पिल्लू बहुधा गिळते, त्यानेही अपाय होत नाही. मात्र नवा सुळा आला तरी शेजारचा दुधाचा सुळा सहा-सात महिन्यांनंतर तसाच राहिला, तर तो काढावा लागतो. पोमेरेनियनसारख्या लहान जातींत हे अधिक दिसते. सतत उलटी, पोट फुगणे, शी न होणे ही काही गिळल्याची लक्षणे असू शकतात. लाळ गळणे, गिळता न येणे, अचानक अकारण चावत सुटणे, अडखळत चालणे ही दात येण्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी पिल्लाच्या तोंडात हात घालू नये, थेट पशुवैद्यकाला कळवावे. माणसांची ताप-वेदनेची गोळी कुत्र्याला देऊ नये. त्यातील काही औषधे कुत्र्यांसाठी विषासमान असतात. दुर्गम गावांसाठी पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. गावाभोवती बिबट्या दिसल्यास वन विभागाला १९२६ वर कळवता येते.

जबाबदारी कोणाची?

पिल्लू आणण्याचा निर्णय बहुधा मुलांच्या हट्टाने किंवा घराला राखण हवी म्हणून होतो. राखणीच्या अपेक्षेनेच मग त्याला बाहेर ठेवले जाते. पण पाच महिन्यांचे पिल्लू घराचे रक्षण करत नाही, त्याचेच रक्षण करावे लागते. पशुसंवर्धन विभाग जनावरांच्या लसीकरणासाठी गावात येतो, वन विभाग बिबट्याबद्दल जागृतीसाठी येतो आणि आरोग्य विभाग रेबीजबद्दल सांगतो. या तिन्ही गोष्टी ज्या एका प्राण्यापाशी येऊन मिळतात, त्याच्याविषयी एकत्र बोलणारे कोणी नसते. बफर क्षेत्रातील ग्रामसभांमध्ये उन्हाळ्यापूर्वी हे तिन्ही विभाग एकदा एकत्र बसले आणि गावातील पिल्लांची लस, रात्रीचा निवारा व हंगामातील देखभाल यांचा विचार झाला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. तोपर्यंत घराघरांत पाळता येईल असा नियम साधा आहे. सातव्या महिन्यापर्यंत चपला उंचावर ठेवाव्यात आणि पिल्लू रात्री दाराच्या आत घ्यावे.